विश्लेषण : ‘एनबीए’चा हंगाम छोटा करावा का? उशिरा सुरू केल्याने दुखापती थांबतील?

‘एनबीए’ या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा आणि निर्णायक सामना २२ जून २०२५ रोजी झाला. इंडियाना पेसर्सचा हुकमी खेळाडू टायरीस हॅलिबर्टन पहिल्याच सत्रात कोर्टवर कोसळला. त्याच्या टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध तुटला होता. विजेतेपद ओक्लाहोमा सिटी थंडरने पटकावले आणि हॅलिबर्टनला पुढच्या संपूर्ण हंगामाला मुकावे लागले. त्याच प्ले-ऑफमध्ये डेमियन लिलार्ड आणि जेसन टेटम यांनाही हीच दुखापत झाली होती. त्यामुळे हंगामात इतके सामने हवेतच कशाला, आणि तो ऑक्टोबरऐवजी डिसेंबरमध्ये सुरू केला तर, या जुन्या प्रश्नांना पुन्हा तोंड फुटले.

सध्याचे वेळापत्रक कसे आहे?

लीगमध्ये ३० संघ आहेत. प्रत्येक संघ साखळीत ८२ सामने खेळतो, त्यापैकी ४१ घरच्या मैदानावर. म्हणजे एकूण १,२३० सामने. हा ८२ चा आकडा १९६७-६८ च्या हंगामापासून चालत आला आहे. २०२४-२५ ची साखळी फेरी २२ ऑक्टोबर ते १३ एप्रिल अशी १७४ दिवस चालली. सरासरी काढली तर दर २.१ दिवसांना एक सामना. त्यात विमानप्रवास, बदलणारी वेळ आणि काही वेळा लागोपाठच्या दोन रात्री सामने. त्यानंतर जूनपर्यंत प्ले-ऑफ.

सामने कमी करण्याची मागणी कोण करत आहे?

गोल्डन स्टेट वॉरियर्सचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी ही मागणी अनेकदा जाहीरपणे मांडली आहे. कर यांच्या शब्दाला वजन आहे. शिकागो बुल्सच्या १९९५-९६ मधील ७२ विजयांच्या हंगामात ते खेळाडू होते, तर वॉरियर्सने २०१५-१६ मध्ये ७३ विजयांचा विक्रम केला तेव्हा प्रशिक्षक. खेळाचा वेग वाढला आहे, खेळाडूंना आता कोर्टवर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त धावावे लागते, हा त्यांचा मुद्दा. मात्र सामने घटवायचे तर सर्वांनाच कमी उत्पन्न स्वीकारावे लागेल, हेही ते मान्य करतात.

उशिरा सुरुवात करण्याची कल्पना कुठून आली?

तिचा दुखापतींशी थेट संबंध नाही. अमेरिकेत सप्टेंबर ते फेब्रुवारी हा अमेरिकन फुटबॉलचा काळ. प्रेक्षकसंख्येत त्या खेळाशी टक्कर देणे कुणालाच जमत नाही. म्हणून हंगाम डिसेंबरच्या मध्यावर सुरू करून ऑगस्टपर्यंत न्यावा, अशी सूचना अटलांटा हॉक्सचे मुख्याधिकारी स्टीव्ह कूनिन यांनी मार्च २०२० मध्ये केली होती. थोडक्यात, ‘छोटा हंगाम’ ही मागणी खेळाडूंच्या शरीरासाठी आहे, तर ‘उशिरा हंगाम’ ही टीव्हीच्या प्रेक्षकांसाठी. दोन्ही एकत्र बोलल्या जातात, पण त्या एकाच दिशेने जातात असे नाही.

असा प्रयोग पूर्वी झाला आहे का?

मर्जीने नाही, पण नाइलाजाने झाला आहे. संघमालक आणि खेळाडू यांच्यातील वादामुळे २०११-१२ चा हंगाम थेट नाताळच्या दिवशी सुरू झाला आणि ६६ सामन्यांचा झाला. पण ते ६६ सामने १२४ दिवसांत कोंबण्यात आले. म्हणजे दर १.९ दिवसांना एक. साखळी संपताच प्ले-ऑफच्या पहिल्याच सामन्यात शिकागोच्या डेरिक रोजच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. करोनाकाळात २०२०-२१ चा हंगाम २२ डिसेंबरला सुरू झाला, ७२ सामने १४६ दिवसांत खेळवले गेले. दाटी नेहमीपेक्षा थोडी जास्तच होती. शिवाय आधीची अंतिम मालिका संपून जेमतेम ७२ दिवस झाले होते.

याउलट २०१७-१८ मध्ये लीगने हंगाम सुमारे आठवडाभर आधी सुरू केला. सामने ८२ च ठेवले, पण पाच रात्रींत चार सामने खेळण्याची वेळ कोणत्याही संघावर येऊ दिली नाही. लागोपाठचे सामनेही कमी केले. म्हणजे खेळाडूंना उसंत मिळाली ती लवकर सुरुवात केल्यामुळे.

मग अडते कुठे?

पैशांत. ७२ सामने केले तर प्रत्येक संघाचे घरचे पाच सामने जातात आणि लीगचे एकूण १५० सामने घटतात, म्हणजे सुमारे १२ टक्के. तिकिटे, खाद्यपदार्थ, पार्किंग, स्थानिक प्रक्षेपण या सगळ्यावर तेवढा परिणाम होतो. डिस्ने, एनबीसी आणि ॲमेझॉन यांच्याशी झालेला ११ वर्षांचा, सुमारे ७६ अब्ज डॉलरचा प्रक्षेपण करार २०२५-२६ पासून लागू झाला आहे. लीगच्या उत्पन्नातील जवळपास निम्मा वाटा खेळाडूंना मिळत असल्याने सामने घटले तर झळ त्यांनाही बसते. त्यामुळे खेळाडूंची संघटनाही या मागणीसाठी अडून बसलेली नाही.

हंगाम ऑगस्टपर्यंत नेण्यातही अडचणी आहेत. उन्हाळी सुट्ट्यांत अमेरिकेत टीव्हीसमोर बसणारे कमी असतात. ऑलिम्पिकच्या वर्षी तारखा थेट आदळतात. २०२१ मध्ये अंतिम मालिका २० जुलैला संपली आणि त्यात खेळलेले तीन अमेरिकी खेळाडू टोक्योत पहिल्या सामन्याच्या काही तास आधी पोहोचले. तो सामना अमेरिका फ्रान्सकडून हरली.

लीगचे म्हणणे काय?

सामन्यांची संख्या हेच दुखापतींचे कारण आहे, हे लीगला मान्य नाही. खेळाडूंना विश्रांती दिल्याने दुखापती घटतात असे दिसत नाही, असा अहवाल लीगने जानेवारी २०२४ मध्ये संघांना पाठवला होता. लीगचा भर उलट विश्रांती रोखण्यावर आहे. २०२३-२४ पासून सर्वोत्तम खेळाडूसारख्या प्रमुख पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने खेळणे बंधनकारक झाले. या नियमामागे प्रेक्षकांची रास्त तक्रारही आहे. महागडे तिकीट काढून मैदानात जावे आणि आवडता खेळाडू साध्या कपड्यांत बाकावर बसलेला दिसावा, हे कुणाला रुचेल? जसप्रीत बुमरा २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात पाचपैकी तीनच कसोटी खेळला, तेव्हा भारतीय चाहत्यांनीही हाच वाद घातला होता.

पुढे काय?

आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी जानेवारी २०२५ मध्ये १२ ऐवजी १० मिनिटांच्या सत्रांची कल्पना बोलून दाखवली. त्यामुळे सामना ४८ वरून ४० मिनिटांचा होईल आणि एकही तिकीट कमी होणार नाही. पण प्रवास आणि लागोपाठच्या रात्री तशाच राहतील. आकडे सांगतात ते एवढेच, की खेळाडूंना उसंत द्यायची तर दोन सामन्यांतील अंतर वाढायला हवे. आजच्याच १७४ दिवसांत ७२ सामने बसवले तर ते अंतर २.४ दिवसांवर जाते. हंगाम उशिरा सुरू करून जूनमध्येच संपवला तर ते आणखी घटते. तेव्हा सामने कमी करा, पण हंगामाचे दिवस कमी करू नका, हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग ठरतो. त्याची किंमत १२ टक्के सामन्यांची आहे. ती मालक आणि खेळाडूंनी वाटून घ्यायची तयारी दाखवल्याशिवाय ८२ चा आकडा हलण्याची शक्यता कमीच.