एक कॉन्चेर्टो, दोन निर्णय

एकच चीज दोन गवयांकडून ऐकायची आणि मग त्यावर रात्र रात्र वाद घालायचा, ही हौस आपल्याकडच्या रसिकांना नवी नाही. पाश्चात्त्य संगीताचे रसिकही हेच करतात. फरक इतकाच, की तिथे जवळजवळ प्रत्येक सूर आधीच कागदावर लिहिलेला असतो. तरीही दोन वादकांचे वादन सारखे होत नाही. बीथोव्हेनच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोच्या दोन जुन्या ध्वनिमुद्रिका शेजारी शेजारी ठेवल्या, की हे चटकन ध्यानात येते.

कॉन्चेर्टो म्हणजे एकटा वादक आणि अख्खा वाद्यवृंद यांचा संवाद. बीथोव्हेनने व्हायोलिनसाठी हा एकच पूर्ण कॉन्चेर्टो लिहिला, १८०६ मध्ये. नगाऱ्यासारख्या टिंपनीवर पाच हलके ठोके पडतात आणि रचना सुरू होते. व्हायोलिन मात्र बराच वेळ गप्प असते.

पहिली ध्वनिमुद्रिका १९३४ ची. वादक ब्रोनिस्लाव हुबरमान, साथीला व्हिएन्ना फिलहार्मोनिक, संचालक जॉर्ज सेल. हुबरमान यांचे वादन चपळ आणि धारदार आहे. सूर गोड लागावा यासाठी ते थांबत नाहीत. गज कधी तारेवर खरखरतो, पण वाक्य अर्थ सांगून पुढे जाते. शेवटचा भाग तर नाचत, उसळत येतो.

हुबरमान पोलंडचे ज्यू. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर बर्लिनचे विख्यात संचालक विल्हेल्म फुर्टव्हेंग्लर यांनी त्यांना जर्मनीत वाजवण्याचे निमंत्रण दिले. हुबरमान यांनी ते नाकारले. प्रश्न केवळ ज्यू वादकांच्या मैफलींचा नसून माणसाच्या स्वातंत्र्याचा आहे, असे त्यांनी कळवले. पुढे युरोपातल्या ज्यू वादकांना गोळा करून त्यांनी १९३६ मध्ये पॅलेस्टाइनमध्ये वाद्यवृंद उभा केला. किती तरी कुटुंबांचे प्राण त्यामुळे वाचले. हाच आजचा इस्रायल फिलहार्मोनिक. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता २०१९ पर्यंत कित्येक दशके त्याचे संगीत संचालक होते. इकडे व्हिएन्नात १९३८ नंतर त्याच व्हिएन्ना फिलहार्मोनिकमधून ज्यू वादकांना काढून टाकले गेले. त्यांतले काही छळछावण्यांत मेले.

दुसरी ध्वनिमुद्रिका ऑगस्ट १९४७ ची, स्वित्झर्लंडमधल्या ल्यूसर्न गावची. वादक येहुदी मेनुहिन, तेही ज्यू. संचालक मात्र तेच फुर्टव्हेंग्लर! ते नाझी पक्षाचे सभासद कधीच झाले नाहीत, काही ज्यू वादकांना त्यांनी मदतही केली; पण देश सोडला नाही, आणि राजवटीने त्यांच्या नावाचा वापर करून घेतला. युद्धानंतर चौकशी होऊन ते निर्दोष ठरले, तरी पुष्कळांचा राग गेला नव्हता. मेनुहिन यांनी १९४५ मध्ये बेर्गन-बेल्झनच्या छळछावणीतून वाचलेल्यांसमोर व्हायोलिन वाजवले होते. तिथे काय घडले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. तरीही त्यांनी हात पुढे केला. अनेक ज्यूंनी त्यांच्याकडे पाठ फिरवली.

या वादनात घाई नाही. वाद्यवृंद संथ श्वास घेतो आणि व्हायोलिन त्या श्वासावर तरंगते. मधला संथ भाग तर देवघरातल्या समईसारखा शांत. हेच मेनुहिन पुढे १९५२ मध्ये भारतात आले आणि मुंबईत बी. के. एस. अय्यंगारांकडे योग शिकू लागले.

मग हुबरमान यांचा राग आणि मेनुहिन यांची क्षमा सुरांतून ऐकू येते, असे म्हणायचे का? मोह होतो खरा, पण तो आवरलेला बरा. हुबरमान यांची धार १९३३ च्या आधीचीच होती आणि मेनुहिन यांच्या सुरातला ओलावाही लहानपणापासूनचा. शिवाय संचालक बदलला की चालही बदलते.

ऐकू येते ते एवढेच, की दोघांनीही कागदावरचे सूर प्रामाणिकपणे वाजवले आणि तरी स्वतःला लपवले नाही. एकाने दार बंद केले, दुसऱ्याने उघडले. ज्या वर्षी दार बंद केले गेले, त्या वर्षी ते बंद करणेच योग्य होते. चौदा वर्षांनी कुणी तरी ते उघडणेही गरजेचे होते. घरातल्या भांडणांतही कधी कधी दोघांचे असेच बरोबर असते.

हुबरमान जून १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमध्येच वारले. ल्यूसर्नच्या त्या ध्वनिमुद्रणाला तेव्हा जेमतेम दोन महिने उरले होते. मेनुहिन यांचे वादन त्यांना ऐकायला मिळाले नाही. आपल्याला मात्र एकाच संध्याकाळी दोन्ही ऐकता येतात. पाच ठोके दोन्हीकडे तेच. आधी हुबरमान ऐकावेत, मग मेनुहिन. आणि कोण श्रेष्ठ हा प्रश्न त्या दिवशी बाजूला ठेवावा.