वावराच्या दलालालाही परवाना हवा



आमच्या खात्यात प्लॉट म्हणजे उसाचा प्लॉट. पण हल्ली आर्वी भागात "प्लॉट कसा आहे?" असे विचारले, की समोरचा चौरस फुटाचा भाव सांगतो. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाला, तो या तालुक्यातूनच जातो. तेव्हापासून पारावर उसापेक्षा जमिनीच्याच गोष्टी जास्त. लावणीच्या वेळी एक सभासद म्हणाले, "सायेब, पोट्टं म्हन्ते, वावरात काही उरत नाही, मी प्लॉट इकतो." आम्ही विचारले, नोंदणी केली का? तर म्हणाले, "दलालीले कायची नोंदणी?"

हा गैरसमज दूर व्हावा. नियोजन क्षेत्रात ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा लेआउट पाडून प्लॉट विकायचे, तर त्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी लागते, आणि त्यातले प्लॉट विकून देणाऱ्या एजंटाचीही. हा कायदा २०१६ चा. एकट्या माणसाला फी १० हजार रुपये, मुदत ५ वर्षे. आता नुसती फी भरूनही भागत नाही. २० तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा पास झाल्याचे प्रमाणपत्र लागते. पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली. नोंदणीवाचून धंदा केला तर दिवसाला १० हजार रुपये दंड, तो प्लॉटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातला प्लॉट एजंटाने विकायचा नाही, आणि हिशेबाच्या वह्या ठेवायच्या.

मुलांना आमचे सांगणे एवढेच, की हा धंदा कमीपणाचा नाही, पण परवाना काढूनच करा. नोंद नसलेल्या उसाला तोडणीची पाळी मिळत नाही, हे तुम्ही घरातच पाहिले आहे.

परंतु आमचे खरे म्हणणे पुढेच आहे. हा कायदा वावराच्या धुऱ्यापाशी थांबतो. शेतकऱ्याने आपली शेतजमीन विकली, तर मधल्या दलालाला महारेराची नोंदणी लागत नाही. म्हणजे शहरातल्या घेणाऱ्याला कायद्याचा आधार, आणि विकणारा शेतकरी उघड्यावर! बाजार समितीत आपला कापूस, तूर विकणाऱ्या अडत्याला १९६३ च्या कायद्याने परवाना घ्यावा लागतो. कापसाच्या गाठोड्याला परवानेवाला अडत्या, आणि ज्या वावरात तो कापूस पिकला ते वावर विकायला कोणीही चालतो, हे आम्हांस पटत नाही.

यात आमचीही चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका सभासदाच्या इसारचिठ्ठीवर आम्ही साक्षीदार म्हणून सही केली. सातबारा पाहिला नाही. जमीन भोगवटदार वर्ग दोनची निघाली, परवानगीशिवाय विकता येईना. दलाल दोन्हीकडची दलाली घेऊन गेला, पावती नाही. इसार परत करायला त्या सभासदाला बैलजोडी विकावी लागली. बेणे कोणत्या मळ्यातले, वय किती, हे विचारल्याशिवाय आम्ही लावण करू देत नाही. आणि तिथे मात्र डोळे मिटून सही केली.

म्हणून शेतजमिनीच्या दलालालाही प्रशिक्षण, परवाना आणि पावतीपुस्तक सक्तीचे करावे, असा ठराव सभासदांनी वार्षिक सभेत मांडावा व तो शासनाकडे पाठवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर इसार घेण्याआधी ताजा सातबारा आणि फेरफार काढा, घरच्या सगळ्या वारसांना विचारा, दलाली किती ते कागदावर घ्या. गरज वाटल्यास कागद घेऊन आमच्या गट कार्यालयात या. ऊस एक वर्ष बिघडला तर पुढच्या वर्षी सुधारतो. वावर गेले की खोडवा नाही.

— ऊस विकास अधिकारी