इंजिन बंद पडल्यावर

आपल्याकडे उड्डाणाचे कौतुक फार. स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे येतात, ‘उंच भरारी घ्या’ असा संदेश देतात आणि हारतुरे घेऊन निघून जातात. पण भरारी घेतल्यावर मध्येच इंजिन बंद पडले तर काय करावयाचे, हे आजवर एकाही पाहुण्याने आम्हांला सांगितलेले नाही. मला ते सांगितले माझ्या एका शाळासोबतिणीने, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, बुऱ्हाणपूरला तापीच्या राजघाटावर पायऱ्यांवर बसून.

आम्ही दोघी तेथल्या मराठी शाळेत एकाच बाकावर बसलेल्या. घरात मराठी, बाजारात हिंदी, अशा दोन भाषांत वाढलेल्या. पुढे मी वाणिज्य शाखेकडे वळले आणि ती विमान चालवावयास शिकू लागली. मी स्वतः अद्याप विमानात पाऊल ठेवलेले नाही. तेव्हा या लेखात विमानाविषयी जे आहे ते तिच्याकडून आणि तिच्या पुस्तकांतून घेतलेले. मते मात्र माझी, आणि त्यांचा दोषही माझाच.

तिचे विमान सेस्ना १७२, चार जणांचे, एका इंजिनाचे. शिकविणारे अधिकारी हवेत असताना, आगाऊ काही न सांगता, इंजिनाची शक्ती एकदम कमी करतात आणि विचारतात, “गेले तुझे इंजिन. आता कुठे उतरशील?” हा प्रश्न तिला इतक्या वेळा विचारला गेला आहे की आता रेल्वेतून जातानाही ती खिडकीबाहेर पाहून कोणते शेत सपाट, कोठे विजेच्या तारा, हे मनात टिपत असते.

इंजिन थांबले की विमान दगडासारखे खाली येते, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. ३,००० फुटांवर इंजिन बंद पडले आणि वारा शांत असला, तर हे विमान नुसते तरंगत सुमारे ८ किलोमीटर जाऊ शकते. अट एकच. वेग ताशी सुमारे १२० किलोमीटर राखला पाहिजे, आणि इंजिनाविना वेग राखावयाचा तर विमानाचे नाक खाली करावे लागते. घाबरलेला माणूस नेमके उलटे करतो. जमीन नको म्हणून तो नाक वर ओढतो. वेग मरतो, पंखांना हवेचा आधार उरत नाही, आणि मग मात्र विमान खरोखरच दगड होते.

वेग साधला की दुसरे काम उतरण्याची जागा निवडण्याचे. त्यानंतर तिसरे, दोष शोधण्याचे. इंधनाची चावी योग्य टाकीवर आहे काय? इंधन-हवेचे मिश्रण ठीक आहे काय? ठिणगी देणारे दोन्ही मॅग्नेटो चालू आहेत काय? कार्ब्युरेटरमध्ये बर्फ तर धरले नाही? या शेवटच्या प्रश्नावर मी हसले. आमच्याकडे मे महिन्यात केळीची पाने करपतात, तेथे इंजिनात बर्फ कोठून येणार? पण हवा दमट असेल तर बाहेर २० अंश तापमान असतानाही कार्ब्युरेटरच्या गळ्याशी बर्फ जमते, कारण पेट्रोलची वाफ होताना आतली उष्णता शोषली जाते. त्यावर उपाय म्हणून गरम हवा सोडणारी एक खुंटी असते. गंमत अशी की ती ओढल्यावर वितळलेले पाणी इंजिनात जाते आणि इंजिन काही क्षण अधिकच खडखडते. नवखा माणूस ‘बिघडलेच’ म्हणून खुंटी परत ढकलतो आणि हाती आलेला उपाय घालवून बसतो. खडखडाट सोसण्याचा धीर ज्याला असतो, त्याचे इंजिन पूर्ववत होते.

चौथे काम रेडिओवर मदत मागण्याचे. एवढे करूनही इंजिन चालू झाले नाही, तर जमिनीला टेकण्यापूर्वी इंधन बंद, वीज बंद आणि दारे किंचित उघडी. हा क्रम तिला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो.

आणि मग तिने तो नियम सांगितला, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. धावपट्टी सोडल्यासोडल्या, विमान थोड्याच उंचीवर असताना इंजिन गेले, तर मागे वळू नये. समोर, थोडे डावीउजवीकडे, जे काही मिळेल तेथे उतरावे. मागची धावपट्टी लांबरुंद असते, ओळखीची असते, म्हणून मन तिकडे ओढ घेते. पण कमी उंचीवर तीव्र वळण घेताना पंखांना अधिक वेग लागतो. विमान ४५ अंश कलले की ज्या वेगाखाली ते कोसळते तो वेगच सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. आणि वेग तर कमी होत चाललेला! समोरचे ओबडधोबड शेत विमान मोडते. मागची सुंदर धावपट्टी माणूस घेऊन जाते.

मोठ्या विमानांनाही हे चुकत नाही. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या विमानाची दोन्ही इंजिने पक्ष्यांच्या धडकेने निकामी झाली. कॅप्टन सलनबर्गर यांनी मागे न वळता विमान हडसन नदीवर उतरविले आणि आतील १५५ च्या १५५ माणसे वाचली. चौकशीत असे दिसले की क्षणाचाही विलंब न लावता वळले असते तर विमानतळ गाठता आला असता. पण विचार करावयास लागणारे ३५ सेकंद हिशेबात धरताच ते शक्य नव्हते. माणसाला विचार करावयास वेळ लागतो, हे हिशेबात धरणे यालाच मी शहाणपण म्हणते.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर विमान नव्हतेच. आमच्या घराचे १२ यंत्रमाग होते. २०२० च्या टाळेबंदीत ते थांबले. पुन्हा सुरू झाले तेव्हा सूत महाग आणि कापडाला उठाव नाही. बारावीपासून घरची वही मी लिहीत असे. दर मीटरमागे तोटा दिसत होता. पण “पुढच्या हंगामात भरून निघेल” म्हणून वडिलांनी आधी आईचे दागिने, मग काकांचे हातउसने आणि शेवटी व्याजाचे पैसे त्यात घातले. ते नाक वर ओढीत होते, मागच्या धावपट्टीकडे वळत होते. २०२३ मध्ये आठ माग भंगाराच्या भावाने गेले. दोन वर्षे आधी विकले असते तर चालू मागाची किंमत आली असती. मला आकडे दिसत होते, पण बोलण्याचे धैर्य झाले नाही. मुलीने बापाला ‘बाबा, आता उतरा’ असे कसे म्हणावे?

उरलेले चार माग आज चालू आहेत, ते कोणामुळे? ज्यांच्याशी आमची वर्षानुवर्षे चढाओढ, त्या शेजारच्या मागवाल्यांमुळे. त्यांनी स्वतःचे बीम वडिलांना मजुरीवर विणावयास दिले.

येथे मला १९३० सालची एक हकीकत आठवते. भारत आणि इंग्लंड यांमधील अंतर एकट्याने उडत पार करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले, तर १७ वर्षांचा अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीचे विमान स्पार्क प्लगवाचून अडून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. अस्पी पुढे गेला आणि काही तासांच्या फरकाने जिंकला. पुढे १९६० मध्ये तोच अस्पी भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. आणि टाटांचे काय बिघडले? १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून मुंबईला टपाल आणले. तेच टपाल व्हिन्सेंट यांनी पुढे बळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना या बळ्ळारीचा अभिमान वाटावा.

दुसरी हकीकत आमच्या शेजारची. १६ जुलै २०२१ रोजी जळगाव जिल्ह्यात, चोपडा तालुक्यातील वर्डीजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी शिकाऊ विमान कोसळले. शिक्षक जागीच गेले. विद्यार्थिनी गंभीर जखमी झाली. रस्ता नव्हता, चिखल होता. एका आदिवासी बाईने आपले लुगडे दिले, त्याची झोळी झाली आणि गावकऱ्यांनी त्या मुलीला खांद्यावरून बाहेर आणले. त्या बाईने आयुष्यात विमानाला कधी हात लावला नसेल. पण जादा प्लग तिच्यापाशी होता!

आता आपल्या महाविद्यालयाकडे वळते. ‘भागीदारी संस्थेचे विसर्जन’ हे प्रकरण आम्ही शिकतो. वसुली खाते बिनचूक काढतो, गुण मिळवितो. पण विसर्जन केव्हा करावे, हे त्या प्रकरणात कोठेच नाही. एखादा विषय राहिला तर विद्यार्थी तो घरी वर्षभर लपवितो. परीक्षेच्या आदल्या दिवशी चांगली टिपणे कपाटात कुलूपबंद होतात. प्राध्यापक मंडळींना माझी नम्र विनंती आहे की वर्षातून एक तास तरी, न सांगता, इंजिन बंद करावे. धंदा बुडतो आहे, नोकरी गेली आहे, वर्ष वाया गेले आहे, असे समजून ‘आता कुठे उतरशील?’ असे विचारावे.

कोणी म्हणेल, ही पराभवाची शिकवण झाली; चिकाटी कोठे गेली? मला तसे वाटत नाही. शेतात उतरलेला वैमानिक पुन्हा उडतो. नाक खाली करणे म्हणजे हार नव्हे, हातात उरलेला वेग राखणे होय. चिकाटी हवीच, पण ती गरम हवेची खुंटी धरून ठेवण्यात. मेलेल्या वेगाने मागे वळण्यात नव्हे.

घाटावरून उठताना मी मैत्रिणीला विचारले, “तुला भीती नाही वाटत गं?” ती म्हणाली, “वाटते ना. पण भीती वाटली की काय करायचं ते पाठ आहे.”

त्या रात्री मी वही काढली आणि चार मागांचा हिशेब वडिलांसमोर ठेवला. कोठवर तोटा सोसायचा तो आकडा आम्ही दोघांनी मिळून तांबड्या शाईने लिहून ठेवला आहे.

— तृतीय वर्ष, वाणिज्य