दांतांची रांग आणि मुलांचें आरोग्य

मुलास ताप आला किंवा फळ्यावरचीं अक्षरें दिसेनाशीं झालीं, तर आईबाप लगबगीनें डॉक्टरांकडे धांव घेतात. परंतु त्याच मुलाचे दांत एकावर एक चढून आले, अथवा वरचे दांत ओठांबाहेर डोकावूं लागले, तर "मोठा झाला म्हणजे होतील सरळ," असें म्हणून तो विषय तेथेंच सोडून दिला जातो. मुलगी असली तर लग्नाची बोलणीं सुरू होतांच तिचे दांत एकाएकीं सर्वांच्या नजरेस येतात. मुलगा असला तर बहुधा कधींच येत नाहींत. सारांश, दांतांची रांग हा आमच्या घरांत रूपाचा प्रश्न मानला जातो, आरोग्याचा नव्हे. आमच्या मतें ही समजूत चुकीची आहे, आणि तिचे परिणाम मुलांस पुढें पुष्कळ वर्षें भोगावे लागतात.

दांतांस कीड कशी लागते, हें विद्यार्थ्यांनीं पाठ्यपुस्तकांत वाचलेंच असेल. दांतांवर नेहमीं एक चिकट थर जमत असतो व त्यांत असंख्य जंतू असतात. आपण खाल्लेल्या साखरेपासून हे जंतू आम्ल तयार करतात, आणि तें आम्ल दांतांचें कठीण कवच हळूहळू पोखरतें. हा थर रोज निघून गेला तर फारसें भय नाहीं. परंतु दांत एकमेकांवर चढलेले असले, म्हणजे त्यांच्यामध्यें ब्रश पोहोंचणार नाहीं असे कोनेकोपरे तयार होतात. मोकळें अंगण झाडावयास वेळ लागत नाहीं. अडगळीच्या खोलींतला केर मात्र दिवसानुदिवस तसाच राहतो. हा थर हिरडीच्या कडेस सांचला कीं हिरडी लाल होते, सुजते व दांत घासतांना तिच्यांतून रक्त येतें.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वांकडा दांत किडलाच पाहिजे असा नियम नाहीं, आणि सरळ दांतास कीड लागत नाहीं असेंही नाहीं. नीट घासलेले वांकडे दांत न घासलेल्या सरळ दांतांपेक्षां केव्हांही बरे. ज्याची रांग बिघडली आहे त्यानें इतरांहून अधिक मेहनत घेतली पाहिजे, एवढेंच आमचें म्हणणें आहे. आठ वर्षांचें मूल ती मेहनत आपण होऊन घेईल, ही आशा व्यर्थ होय. सकाळीं व रात्रीं निजण्यापूर्वीं फ्लोराइडयुक्त पेस्टनें दांत घासून घेण्याचें काम आईबापांनींच जातीनें पाहिलें पाहिजे. राखुंडी आणि मिश्री यांस तर मुलांच्या तोंडाजवळही येऊं देऊं नये.

दुसरें भय अपघाताचें. पुढें आलेल्या दांतांना ओठांचें पांघरूण नसतें. मूल तोंडावर पडलें कीं पहिला आघात त्यांवरच होतो. वरचे दांत खालच्या दांतांच्या पुढें ३ मिलिमीटरांहून अधिक आलेले असतील, तर इजेचा संभव सुमारें दुप्पट असतो, असें संशोधकांस आढळून आलें आहे. खेळाडू विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, मैदानावर कोणाचा कायमचा दांत मुळासकट निखळला, तर त्याच्या मुळास हात लावूं नये. तो वरच्या पांढऱ्या भागास धरून उचलावा. मळला असल्यास घासूं नये, दुधानें क्षणभर धुवावा. साधल्यास तो जागच्या जागीं बसवावा, नाहीं तर दुधांत ठेवावा, आणि तासाभराच्या आंत दंतवैद्यांस गांठावें. असा दांत पुष्कळदां वांचतो. दुधाचा दांत मात्र परत बसवूं नये.

आतां ही रांग बिघडते कशानें? जबड्याची ठेवण व दांतांचा आकार हीं बव्हंशीं आनुवंशिक असतात. तेथें कोणाचा दोष नाहीं. परंतु कांहीं कारणें आपल्या हातचीं आहेत, आणि त्यांतलें मुख्य म्हणजे दुधाच्या दांतांची हेळसांड. हे २० दांत पडणारच आहेत, मग त्यांची काळजी कशाला, असा प्रश्न आईबाप आम्हांस विचारतात. उत्तर सोपें आहे. गाडींत रुमाल टाकून जागा धरावी, तशी दुधाची दाढ खालून येणाऱ्या दांतासाठीं जागा धरून बसलेली असते. ती किडून अवेळीं काढावी लागली, तर मागची दाढ पुढें सरकते, आणि जागेचा खरा धनी येतो तेव्हां त्यास उभें राहावयासही ठिकाण उरत नाहीं. अशी दाढ काढावी लागलीच, तर ती जागा राखण्याचें एक लहानसें साधन दंतवैद्य बसवूं शकतात; त्याविषयीं अवश्य विचारावें.

सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्व दुधाच्या दांतांच्या मागें पहिली कायमची दाढ उगवते. ती येतांना कोणताही दांत पडत नाहीं, म्हणून पुष्कळ घरीं तिला दुधाचीच समजतात व ती किडली तरी स्वस्थ बसतात. ती गेली कीं पुन्हां येत नाहीं. अमेरिकेंतील एडवर्ड अँगल यांनीं १८९९ सालीं वेड्यावांकड्या दांतांचे जे वर्ग पाडले, ते याच वरच्या व खालच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून. यावरून चेहऱ्याच्या शोभेपलीकडे या विद्येस किती पाहावें लागतें, हें ध्यानांत येईल.

लहानपणच्या संवयींकडेही लक्ष असावें. अंगठा चोखण्याची संवय बहुतेक मुलें चौथ्या वर्षापर्यंत सोडून देतात. पुढचे कायमचे दांत येऊं लागल्यावरही ती टिकली, तर दांत पुढें ढकलले जातात. त्यासाठीं मारणें किंवा अंगठ्यास तिखट चोळणें हें निर्दयपणाचें आहे. गोडीगुलाबीनें व शाबासकीनें काम होतें. जें मूल नेहमीं तोंडानें श्वास घेतें, त्याचें नाक कां चोंदतें हें तपासून घ्यावें. कारण तोंड कोरडें पडलें म्हणजे लाळेकडून दांतांचें व्हावयाचें रक्षण होत नाहीं.

हेळसांड जशी वाईट, तशी घाईही वाईट. ८ ते ११ या वयांत वरच्या पुढील दांतांत फट दिसते. सुळे आले कीं ती बहुधा आपोआप मिटते. म्हणून सातव्या वर्षाच्या सुमारास एकदां मूल दंतवैद्यांस दाखवावें, आणि थांबावें कीं उपाय करावा हें त्यांसच ठरवूं द्यावें. तारा बसविल्या म्हणजे कर्तव्य संपलें असेंही नाहीं. तारांभोंवतीं अन्न अधिक अडकतें, आणि घासण्यांत आळस केला तर दांत सरळ होतां होतांच त्यांवर पांढरे डाग पडतात. ज्यास ब्रशाचा कंटाळा, त्यास आधीं ब्रशाची गोडी लावावी. तारांचें मागाहून पाहतां येईल.

खर्चाची अडचण खरी आहे, ती आम्ही नाकारीत नाहीं. तथापि डॉ. रफिउद्दीन अहमद यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास देशांतलें पहिलें दंतमहाविद्यालय काढलें, त्या काळची स्थिति आज नाहीं. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथें शासकीय दंतमहाविद्यालयें आहेत, व तेथें खासगी दवाखान्यापेक्षां पुष्कळ कमी खर्चांत उपचार होतात. शिवाय ब्रश, दुधाच्या दांतांची निगा आणि मधल्या सुट्टींतल्या गोळ्या-पेपरमिंटास आळा, यांस फारसा खर्च नाहीं.

शेवटीं विद्यार्थ्यांस दोन शब्द. वर्गांत कोणास "फावड्या" म्हणून हांक मारणें हा विनोद नव्हे. ज्यास असें नांव पडतें तो हंसतांना तोंडावर हात धरतो, मोठ्यानें वाचावयास उठत नाहीं, आणि दुखत असलेली दाढही कोणास दाखवीत नाहीं. तुमच्या थट्टेनें त्याचा एकही दांत सरळ होणार नाहीं. उलट जो दांत वेळीं वांचला असता, तो मात्र जाईल. आईबापांनीं आज रात्रीं मुलास दिव्याजवळ बसवून त्याच्या तोंडांत एकदां नीट पाहावें, एवढीच आमची विनंती आहे.