संपादकीय : पदराची गाठ



यंदाच्या स्मरणिकेसाठी आठवणींचे लेख भरपूर आले, याचा संपादक म्हणून मला आनंद आहे. तथापि एक गोष्ट मोकळेपणाने नमूद केली पाहिजे. 'अत्यंत हलाखीच्या परिस्थितीत शिक्षण घेतले' हे एकच वाक्य थोड्याफार फरकाने बहुतेक लेखांत आढळते. वाक्य खोटे नाही. परंतु ते कोणाचेही असू शकते.

रुग्ण 'पोटात दुखते' एवढेच सांगतो, तेव्हा निदान होत नाही. कोठे, केव्हापासून, जेवणाआधी की नंतर, असे विचारत गेल्यावरच आजार समोर उभा राहतो. लेखनात यालाच तपशील म्हणतात. 'आईने अपार कष्ट उपसले' असे मीही एकदा लिहिले होते. ते वाचून थोरली बहीण म्हणाली, "आरं, तुझ्या फीचं पैसं ती पदराच्या गाठीला बांधून निजायची. सकाळी ती गाठ दातानं सोडायची. खडी फोडून बोटं वळत नव्हती तिची. हे न्हाई लिवलंस?" डॉक्टर असून मला ती बोटे आठवली नव्हती.

दुसरी गोष्ट निवेदकाची, म्हणजे कथा कोणाच्या तोंडून सांगायची याची. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (1978) दगडू पवार आपली कहाणी दया पवारांनाच ऐकवतो. माणूस एकच, पण सांगणारा आणि ऐकणारा वेगळे केल्यामुळे लेखकाला स्वतःकडेही कठोरपणे पाहता आले. बेबी कांबळे यांनी आपले लेखन कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. 1986 साली पुस्तकरूपाने आलेल्या त्यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये 'मी'पेक्षा 'आम्ही'च अधिक बोलते. एका बाईच्या आयुष्यातून अख्खा महारवाडा दिसतो. लिहायला बसण्यापूर्वी 'मी' की 'आम्ही', एवढे जरी ठरवले तरी निम्मे काम होते.

भाषेविषयी आपल्यापैकी अनेकांना संकोच वाटतो. शाळेत हसण्यावारी नेलेली बोली छापायची कशी? निवेदन प्रमाण भाषेत असावे, हरकत नाही. संवाद मात्र ज्याचे त्याच्या बोलीतच ठेवावेत. डॉ. नरेंद्र जाधव यांच्या 'आमचा बाप आन् आम्ही' या पुस्तकाच्या नावातील 'आन्'चे 'आणि' करून पाहा, बाप घरातून निघून गेल्यासारखा वाटतो. (बहिणीचे वरील बोलणे मी प्रथम शुद्ध करून लिहिले होते, हेही कबूल करतो.)

प्रतिमा म्हणजे अलंकारिक शब्दांची आरास नव्हे. आयदान म्हणजे बांबूपासून विणलेल्या वस्तू. ऊर्मिला पवार यांची आई त्या विणत असे, आणि आपल्या लेखनाची वीण तिच्या विणकामाशी जोडत लेखिकेने 2003 साली आलेल्या आत्मकथनाला तेच नाव दिले. प्रतिमा घरातच होती. आणावी लागली नाही.

'मुलांना हे सारे कशाला सांगायचे?' असे काही पालक विचारतात. त्यांची काळजी मी समजू शकतो. पण येथे वाढलेल्या मुलांना आजोबांचे नाव माहीत असते, आजोबा कोणत्या विहिरीवर किती वेळ ताटकळले ते माहीत नसते. गेल्या वर्षी आपल्यातील दोन ज्येष्ठ गेले. त्यांपैकी एकाच्या घरी त्यांच्या हस्ताक्षरातील एक पोस्टकार्डच काय ते सापडले, आणि त्यातही केवळ खुशाली होती.

पुढील अंकासाठी लेख दोन पानांचाच, आणि एकाच प्रसंगावर पाठवावा. जन्मापासून आरंभ करू नये. ज्यांचा हात लिहिताना थरथरतो, त्यांनी घरी निरोप द्यावा. रविवारी मी वही घेऊन येईन. प्रश्न विचारण्याची मला सवय आहे.