कुंचल्याचे ऋण

२६ फेब्रुवारी २००३ रोजी, पुण्यतिथीच्या दिवशी, स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या तैलचित्राचे संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते अनावरण झाले. विरोधी पक्षांनी समारंभावर बहिष्कार टाकला. चित्र तेथे असावे की नसावे, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली. त्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र मागे पडला : हे चित्र रेखाटले कोणी? चंद्रकला कुमार कदम या चित्रकर्तीने. सावरकरांच्या समर्थकांपैकी आणि विरोधकांपैकी किती जणांना हे नाव सांगता येईल?

ब्रिटिश सत्तेशी दीर्घकाळ झुंजलेल्या आयर्लंडमध्ये याला एक समांतर उदाहरण आहे. रॉजर केसमेंट हे प्रारंभी ब्रिटिश सरकारच्याच सेवेत होते. काँगोतील रबरासाठी चाललेले अनन्वित अत्याचार त्यांनी १९०४ च्या अहवालाने जगासमोर आणले. १९११ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. पुढे मायभूमीच्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी जर्मनीकडून शस्त्रे मिळविण्याचा प्रयत्न केला. तेव्हा किताब काढून घेण्यात आला आणि ३ ऑगस्ट १९१६ रोजी लंडनच्या पेंटनविल कारागृहात त्यांना फासावर चढविण्यात आले. त्यांचे अवशेष मायदेशी परतण्यास १९६५ साल उजाडावे लागले.

या देशभक्ताचे व्यक्तिचित्र सारा पर्सर या चित्रकर्तीने रंगविले. ते डब्लिनच्या राष्ट्रीय कलादालनाच्या संग्रहात आहे. केसमेंट यांच्या रोजनिशींवरून दशकानुदशके वाद झडले. तथापि चित्राबरोबर पर्सर यांचे नावही आयर्लंडने जपले. १९२४ मध्ये त्या रॉयल हायबर्नियन अकादमीच्या पहिल्या महिला पूर्ण सदस्य झाल्या. देशाच्या कलासंग्रहांसाठी कलाकृती मिळवून देणारी संस्थाही त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली.

थोर पुरुषापुढे चित्रकाराचे काय महत्त्व, असे कोणी म्हणेल. परंतु त्या पुरुषास प्रत्यक्ष पाहिलेली पिढी काळाच्या पडद्याआड जाते, तेव्हा त्याची मुद्रा पुढील पिढीच्या हाती कुंचलाच सोपवितो. कपाळावरची रेषा किती ठळक, दृष्टीत करारीपणा किती आणि वेदना किती, हा निर्णय चित्रकाराचा असतो. त्या अर्थाने तोही इतिहासाचा एक भाष्यकारच होय.

ही उदासीनता केवळ राजधानीपुरती नाही. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. तेथे नंदी कोणाच्या घरचा, हे कौतुकाने सांगितले जाते. तो कोरणाऱ्या सुताराचे नाव कितीदा निघते? शाळा-ग्रामपंचायतींच्या भिंतींवरील राष्ट्रपुरुषांच्या चित्रांविषयीही हाच प्रश्न विचारता येईल.

उपाय खर्चाचा नाही. सार्वजनिक ठिकाणच्या प्रत्येक चित्राखाली राष्ट्रपुरुषाच्या नावासमवेत चित्रकाराचे नाव आणि वर्ष ठळकपणे लिहावे. नाव ठाऊक नसेल तेथे शाळेतील मुलांनी वडीलधाऱ्यांकडून ते शोधून काढावे. चित्र कोठे लावावे, यावर मतभेद राहतील. ज्या हाताने ते घडविले, त्या हाताचे ऋण मानण्यास मात्र कोणत्याच पक्षाची हरकत असू नये.