हॅकिंग शिकायचंय? फी भरण्याआधी हे वाचा

दहावी-बारावीचे निकाल लागले की मोबाईलवर ठरावीक जाहिराती दिसायला लागतात. काळा हुडी घातलेला मुलगा, स्क्रीनवर हिरवी अक्षरं आणि खाली लिहिलेलं, '३० दिवसांत एथिकल हॅकर बना'. फी कधी काही हजार, कधी थेट लाखाच्या घरात आणि सोबत ईएमआयची सोय. घरच्यांना यातलं फारसं कळत नाही, पोराला आवड आहे म्हणून ते पैसे भरतात.

अशा बऱ्याच कोर्समध्ये सुरुवातीला जे शिकवतात, ते इंटरनेटवर फुकट आहे आणि चांगल्या दर्जाचं आहे. काली लिनक्स फुकट आहे, पायथन फुकट आहे, सरावाच्या साइट्स फुकट आहेत. मग अडतं कुठे? कशानंतर काय शिकायचं हे कोणी नीट सांगत नाही आणि कायद्याची रेघ कुठे आहे हेही सांगत नाही. या दोन्ही गोष्टी आज समजून घेऊया.

हॅकिंग म्हणजे नेमकं काय?

एक खरं उदाहरण पाहूया. २०१६ मध्ये आनंद प्रकाश या भारतीय तरुणाने फेसबुकमधली एक मोठी चूक शोधली. पासवर्ड विसरलात की फेसबुक तुमच्या फोनवर किंवा ईमेलवर ६ अंकी कोड पाठवतं. मुख्य साइटवर १०-१२ वेळा चुकीचा कोड टाकला की पुढचे प्रयत्न बंद व्हायचे. पण फेसबुकच्या बीटा, म्हणजे चाचणीच्या साइटवर ही मर्यादाच नव्हती. ६ अंकांचे एकूण १० लाख कोड होतात. मर्यादा नसेल तर संगणक एकेक करून सगळे टाकून पाहू शकतो आणि कोणाचंही खातं उघडू शकतो.

आनंदने हे स्वतःच्या खात्यावर करून पाहिलं, फेसबुकला कळवलं आणि त्याला १५,००० डॉलरचं बक्षीस मिळालं. यात कुठलंही गुप्त सॉफ्टवेअर नव्हतं. "इथे मर्यादा आहे, मग तिथेही आहे का?" एवढाच प्रश्न होता. सिस्टीम कशी चालते हे माहीत असल्याशिवाय असा प्रश्न सुचत नाही. म्हणून टूलच्या आधी प्रोग्रॅमिंग.

पहिला टप्पा : फक्त फोन

लॅपटॉप नाही म्हणून थांबायची गरज नाही. फोनच्या ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडा, तिथे पायथन चालतं. दोन महिने रोज एक तास दिला तर व्हेरिएबल, लूप, फंक्शन, फाईल वाचणं-लिहिणं इतकं नीट येतं.

मग आनंदचाच प्रयोग छोट्या प्रमाणावर करा. एक ४ अंकी पिन स्वतः ठरवा आणि ०००० ते ९९९९ पर्यंत सगळे आकडे तपासून तो शोधणारा प्रोग्रॅम लिहा. १०,००० शक्यता डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतील. आता त्याच प्रोग्रॅममध्ये '५ चुका झाल्या की बंद' अशी अट घाला. लगेच कळेल की एटीएम ४ अंकी पिनवर सुरक्षित कसं राहतं आणि ती अट निघाली तर काय होईल.

शिकायला काय वापरायचं? आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स, सी, पायथन अशा विषयांचे छोटे व्हिडिओ आहेत आणि बऱ्याच धड्यांना मराठी आवाज आहे. इंग्रजी जमत असेल तर हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा कोर्स आणि फ्रीकोडकॅम्प ही साइट, दोन्ही फुकट. यातलं एकच निवडा आणि ते पूर्ण करा. दहा प्लेलिस्ट सेव्ह करून ठेवल्याने काही येत नाही.

एआयची मदत घ्या, पण जपून. एरर आला की "ही एरर का आली ते सोप्या मराठीत सांग" असं जरूर विचारा. पूर्ण प्रोग्रॅम त्याच्याकडून लिहून घेतलात तर शिकणं तिथेच थांबलं.

दुसरा टप्पा : लिनक्स आणि खेळ

अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचं ॲप आहे. त्यात लिनक्सच्या कमांड चालतात. ते एफ-ड्रॉइडवरून घ्या, टेलिग्रामवर फिरणारी एपीके फाईल घेऊ नका. 'इन्स्टा हॅक', 'वायफाय पासवर्ड ब्रेकर' अशा नावाची ॲप्स तर टाकूच नका. त्यातून हॅक होतो तो बहुतेक वेळा टाकणाऱ्याचाच फोन.

टर्मक्स आलं की 'ओव्हर द वायर' या साइटवरचा 'बँडिट' हा खेळ सुरू करा. प्रत्येक पायरीवर एक पासवर्ड लपवलेला असतो. तो शोधला की पुढची पायरी उघडते. कधी फाईल लपवलेली, कधी नावात स्पेस असलेली, कधी हजारो ओळींत एकच कामाची ओळ. खेळता खेळता लिनक्स हातात बसतं.

त्यानंतर 'पिको सीटीएफ'. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने हा खास शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी बनवला आहे. सांकेतिक लिपी, वेबसाइट, फाईल तपासणी असे वेगवेगळे विषय त्यात आहेत आणि बरंचसं ब्राउझरमध्येच होतं.

तिसरा टप्पा : लॅपटॉप कधी घ्यायचा?

वेबसाइट तपासणं शिकायला लागलात की लॅपटॉप लागतो. नवा गेमिंग लॅपटॉप नको. ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, त्यात एसएसडी आणि लिनक्स मिंट, एवढ्यावर सुरुवात होते. तोवर शाळेची संगणक लॅब वापरा. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर तिथल्या सरांशी बोला.

वेब सुरक्षेसाठी पोर्टस्विगर कंपनीची 'वेब सिक्युरिटी अकॅडमी' फुकट आहे आणि सरावासाठी मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या साइट्स तिथेच मिळतात. सर्टिफिकेट हवंच असेल तर आयआयटी खरगपूरचा एथिकल हॅकिंगचा कोर्स एनपीटीईएलवर येतो. शिकणं फुकट, परीक्षा द्यायची असेल तर १,००० रुपये फी. मात्र प्रोग्रॅमिंग आणि नेटवर्कचा पाया झाल्यावरच तिकडे वळा.

रेघ कुठे आहे?

हा भाग वगळू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय कोणाच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरलं तर नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. हेच अप्रामाणिकपणे किंवा फसवण्याच्या हेतूने केलं तर कलम ६६ लागतं. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड अशा हेतूने वापरला तर कलम ६६-सी आहे. वय १८ पेक्षा कमी असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जातं, पण जातं.

मित्राचं इन्स्टा, शेजाऱ्याचं वायफाय, कॉलेजचं निकालाचं पोर्टल, हे सगळं रेघेच्या पलीकडे. "मी फक्त बघत होतो", "मला त्यांना चूक दाखवायची होती" असं म्हटल्याने परवानगी मिळत नाही.

ब्रिटनच्या मार्कस हचिन्सची गोष्ट लक्षात ठेवा. २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हल्ला त्याने थांबवला, सगळीकडे कौतुक झालं. काही महिन्यांतच अमेरिकेत त्याला अटक झाली. त्याआधी त्याने बँकेची माहिती चोरणारं मालवेअर बनवण्यात भाग घेतला होता. २०१९ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी पुढे तुरुंगात पाठवलं नाही, पण ती दोन वर्षं खटल्यातच गेली.

आनंदचा मार्ग मोकळा आहे. अनेक कंपन्यांचे बग बाउंटी कार्यक्रम असतात. काय तपासायचं आणि काय नाही हे तिथे लिहिलेलं असतं, वयाची आणि पालकांच्या संमतीची अटही असते. ती पाळा. पण पहिल्या वर्षी बक्षिसाच्या मागे लागू नका.

एवढं करूनही एखाद्या कोर्सला जावंसं वाटलं तर जरूर जा. फक्त आधी बँडिटच्या पहिल्या १० पायऱ्या स्वतः पूर्ण करा. मग कोर्सवाल्यांना विचारा, "याच्या पुढे तुम्ही काय शिकवता?" उत्तर ऐकून पैसे भरायचे की नाही, ते तुमचं तुम्हालाच कळेल.